पाणंद रस्ता : लहान शेतकऱ्याची अडलेली वाट

पीक चांगले आले म्हणजे शेतकऱ्याचे काम संपले असे होत नाही. शेतातील माल घरी व बाजारी पोहोचला तरच श्रमाचे चीज होते. महाराष्ट्रातील बहुतेक गावांपर्यंत आज पक्का रस्ता आलेला आहे. परंतु गावापासून शेतापर्यंतची एक-दोन किलोमीटरची वाट पुष्कळ ठिकाणी अजूनही चिखलात रुतलेली, काटेरी झुडपांनी वेढलेली किंवा बांध कोरल्यामुळे पाऊलवाटेएवढी अरुंद झालेली आढळते. हीच ती पाणंद. काळ्या जमिनीच्या मुलखात पावसाळ्याचे चार महिने या वाटेने बैलगाडी जात नाही, खताचे पोते डोक्यावरून न्यावे लागते, आणि शेतवस्तीवर कोणी आजारी पडल्यास त्याला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते.

या अडचणीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे किंवा रस्त्याकडेची जमीन आहे, तो कसाबसा मार्ग काढतो. आतल्या बाजूच्या एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याला, वस्ती, तांडा किंवा पाड्यावर राहणाऱ्या मजुराला व डोक्यावर वैरण-सरपण वाहणाऱ्या स्त्रीला मात्र दुसरा मार्ग नसतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर एवढेच आहे. म्हणून पाणंदीचा प्रश्न हा मुख्यतः लहान शेतकऱ्याचा व मजुराचा प्रश्न होय.

वाट नसल्याने होणारे नुकसान

रस्त्याअभावी होणारा तोटा हिशेबाच्या वहीत लिहिला जात नाही. म्हणून तो लक्षात येत नाही. तो एकदा मांडून पाहणे उपयुक्त ठरेल.

समजा, एका शेतकऱ्याला एक हेक्टरात २० क्विंटल सोयाबीन झाले व त्याचे शेत गाडीरस्त्यापासून एक किलोमीटर आत आहे. ५० किलोची एकूण ४० पोती झाली. डोक्यावरून एका खेपेस एक पोते न्यावयाचे तर ४० खेपा होतात, म्हणजे जाऊन-येऊन ८० किलोमीटर चालणे झाले. त्यातील निम्मी वाट ५० किलोचे ओझे घेऊन चिखलातून तुडवावयाची. एका माणसाने दिवसाला दहा खेपा केल्या तरी चार दिवसांची मजुरी केवळ एवढ्या वाटेवर खर्ची पडते. हाच माल दहा क्विंटल भाराच्या बैलगाडीने दोन खेपांत, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीने एका खेपेत निघतो.

मजुरीपेक्षाही मोठा तोटा वेळेचा असतो. मळणी झालेला माल रस्त्याअभावी शेतात पडून राहिला आणि परतीच्या पावसाने गाठला, तर दाण्यात ओलावा वाढतो, बुरशी धरते व बाजारात भाव पडतो. टोमॅटो, भेंडी, फुले, दूध यांसारख्या नाशवंत मालाच्या बाबतीत तर एका दिवसाचा उशीर म्हणजे संपूर्ण नुकसान. या भीतीमुळे आतल्या बाजूचा शेतकरी भाजीपाल्याच्या वाटेला जातच नाही. जमीन व पाणी असूनही तो कमी उत्पन्नाच्या पिकावर समाधान मानतो. व्यापारीही अशा शेताच्या बांधावर येत नाही, आला तर वाहतुकीची अडचण पुढे करून भाव पाडून मागतो. शेणखत वेळेवर पडत नाही, मळणीयंत्र येत नाही, ऊस तोडणीला आला तरी त्याची वाहतूक अडते. अशा रीतीने एका अडलेल्या वाटेमुळे पेरणीपासून विक्रीपर्यंतची प्रत्येक पायरी महाग होते.

पाणंदी का बुजल्या?

जुन्या काळी गुरे चरावयास नेण्यासाठी व गाड्यांच्या ये-जा करण्यासाठी प्रत्येक शिवारात ठरलेल्या वाटा होत्या. त्यांपैकी अनेकांची नोंद गावनकाशावर आजही सापडते. त्या बुजण्याची तीन प्रमुख कारणे आहेत.

पहिले कारण वाटण्यांचे. एका सलग शेताला एक वाट पुरेशी होती. त्याचे चार भावांत चार पट्टे पडले, त्यांचे पुन्हा नातवंडांत तुकडे झाले. परंतु वाटणीच्या कागदात मागच्या पट्ट्यावर कोणत्या बाजूने जावयाचे हे लिहिले गेले नाही. भाऊबंदकी गोडीची होती तोवर वाट चालू राहिली. मने दुरावली तशी ती बंद झाली.

दुसरे कारण बांध कोरण्याचे. दरवर्षी नांगराचे एक तास पाणंदीत सरकले तरी वीस-पंचवीस वर्षांत गाडीरस्त्याची पाऊलवाट होते. यात एकट्या कोणाचा दोष नसतो. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे होत जाते.

तिसरे कारण पाण्याचे. याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बाजूची शेते वर्षानुवर्षे सपाट होत गेली व पाणंद वापराने खाली दबत गेली, त्यामुळे तीच पावसाच्या पाण्याचा ओढा बनली. पाणी साचले म्हणून लोक कडेच्या शेतातून चालू लागले. पीक तुडवले गेले म्हणून शेतमालकाने काट्या टाकल्या. पुष्कळशा भांडणांच्या मुळाशी जमिनीची हाव नसून न काढलेली चारी असते, हे ग्रामसेवकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम नकाशा, मग फावडे

पाणंद मोकळी करण्याचे काम उन्हाळ्यात, म्हणजे रब्बीची काढणी झाल्यावर हाती घ्यावे. त्या वेळी शेते रिकामी असतात, बांध उघडे दिसतात व लोकांना थोडी सवड असते. मात्र फावडे उचलण्यापूर्वी कागद पाहणे अगत्याचे आहे.

तलाठ्याकडून (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्यावी. या नकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने व पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखविलेला असतो. अशा गाडीमार्गाची रुंदी सामान्यतः १६॥ ते २१ फूट व पायमार्गाची ८। फूट धरली जाते. नकाशावर असलेली वाट ही कोणाच्या मेहेरबानीची वाट नव्हे; ती गावाची आहे. नकाशावर नसलेल्या, परंतु वहिवाटीने चालत आलेल्या वाटांचा विचार वेगळा करावा लागतो.

यानंतर सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि त्या वाटेवरील सर्व खातेदार यांनी मिळून शिवारफेरी करावी. कोठे वाट अडली आहे, कोठे पाणी साचते, कोठे ओढा ओलांडावा लागतो, याची जागेवर यादी करावी. या फेरीत केवळ मोठ्या खातेदारांना बोलावून चालणार नाही. आतल्या पट्ट्याचा मालक, वस्तीवरील मजूर आणि रोज त्या वाटेने जाणाऱ्या स्त्रिया यांना प्रत्यक्ष अडचण ठाऊक असते. त्यांचे म्हणणे आधी ऐकावे. एकाहून अधिक पाणंदींचे काम असेल तर कोणती आधी घ्यावी हे ठरविताना त्या वाटेवर किती घरे व किती लहान खातेदार अवलंबून आहेत, ही कसोटी लावावी.

जमीन जाण्याची भीती

नवीन वाट काढताना किंवा अरुंद वाट रुंद करताना शेतकऱ्याच्या मनात पहिली शंका जमिनीची येते. तिचे उत्तर मोजून द्यावे. बांधाच्या दोन्ही बाजूंनी सारखी जागा घेऊन ३.५ मीटर रुंदीची वाट काढली, तर १०० मीटर लांबीच्या बांधावर प्रत्येक शेतकऱ्याची १७५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेदोन गुंठे जमीन वाटेखाली जाते. त्यातही मूळचा बांध व कडेची पडीक पट्टी धरली तर पिकाखालील जमीन याहून कमी जाते. उलटपक्षी, वाट असलेल्या जमिनीची किंमत व तीत घेता येणाऱ्या पिकांची निवड दोन्ही वाढतात.

तरीही अगदी लहान खातेदाराच्या बाबतीत पावणेदोन गुंठेही थोडे नसतात. अशा वेळी वाट शक्यतो मोठ्या क्षेत्राच्या बाजूने वळवावी, अथवा त्याच्या शेताचा बांध नीट घालून देणे, त्याचे पाणी काढून देणे, अशी भरपाई गावाने करावी. गरिबाच्या सोयीसाठी काढलेली वाट दुसऱ्या गरिबाच्या नुकसानीतून जाऊ नये.

जे ठरेल ते तोंडी ठेवू नये. सर्वांच्या सह्या घेऊन संमतिपत्र करावे, ग्रामसभेचा ठराव करावा व मोजणी करून खुणांचे दगड रोवावेत. महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागाने २०२५ च्या मे महिन्यात शेतरस्त्यांची रुंदी साधारणतः ३ ते ४ मीटर ठेवण्याचे व त्यांची नोंद सातबारा उताऱ्यातील 'इतर हक्क' या रकान्यात करण्याचे धोरण जाहीर केले आहे. ही नोंद करून घेतल्यास जमीन विकली गेली किंवा पुन्हा वाटणी झाली तरी वाट टिकते. याचप्रमाणे पुढे होणाऱ्या प्रत्येक वाटणीपत्रात व खरेदीखतात जाण्या-येण्याच्या वाटेचा स्पष्ट उल्लेख करण्याची सवय शेतकऱ्यांनी लावून घ्यावी.

सामोपचार न झाल्यास

समजुतीने वाट खुली होणे केव्हाही श्रेयस्कर. कोर्टात जिंकलेल्या वाटेवरून जाणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहूनच जावे लागते. परंतु समजूत निष्फळ ठरली तर लहान शेतकऱ्याने निराश होण्याचे कारण नाही. कायद्याने त्याला दोन मार्ग दिले आहेत व दोन्ही तहसीलदारांकडे जातात.

चालू वहिवाटीची वाट कोणी अडविली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. येथे मुदत महत्त्वाची आहे : वाट अडविल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. 'पुढच्या हंगामात पाहू' असे म्हणत थांबलेल्या अनेकांचा हक्काचा मार्ग केवळ या मुदतीमुळे हुकतो. तहसीलदारांच्या निर्णयावर या कायद्याखाली अपील नाही. मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनर्निरीक्षणाचा अर्ज करता येतो.

शेताला मुळात वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली शेजारच्या भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून वाट मागता येते. शेतकऱ्यास आपल्या शेतात वाजवी रीतीने जाता यावे ही गरज लक्षात घेऊन तहसीलदारांनी निर्णय द्यावा, असे या कलमातच नमूद केले आहे. निर्णयाने ज्याचे समाधान होणार नाही त्याला एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. अर्जासोबत स्वतःच्या व शेजारच्या शेतांचे सातबारा उतारे, गावनकाशाची प्रत आणि हवी असलेली वाट दाखविणारा कच्चा नकाशा जोडावा. हे कागद जमविण्याच्या कामी ग्रामसेवकांनी अशिक्षित शेतकऱ्यास साहाय्य करणे हे त्यांच्या सेवेचे अंगच समजावे.

गावाच्या सार्वजनिक रस्त्यावर झालेले अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ अन्वये ग्रामपंचायतीलाही आहे.

वाट बांधण्याची रीत

काळी माती कोरडी असताना दगडासारखी कठीण भासते. पण पाणी लागताच फुगते, मऊ होते व भार सोसण्याची शक्ती गमावते. वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात. म्हणून काळ्या जमिनीवर नुसता मुरूम पसरून दिला तर पहिल्याच पावसात चाकांखाली तो मातीत गडप होतो. कितीही मुरूम टाकला तरी 'रस्ता खातो' अशी जी तक्रार ऐकू येते तिचे कारण हेच. पाणी दूर ठेवणे हा यावरचा खरा उपाय होय. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

(१) आधी चाऱ्या. वाटेच्या दोन्ही कडांना चाऱ्या खोदाव्यात व त्यांना नैसर्गिक उतार देऊन शेवट ओढ्यानाल्यात न्यावा. चारीचे पाणी कोणाच्या शेतात सोडू नये; तसे झाल्यास ती वाट पुन्हा बंद पडणार हे निश्चित समजावे.

(२) मग भराव. चारीतून निघालेली माती मधे टाकून वाट लगतच्या शेतापेक्षा ३० ते ४५ सेंटिमीटर उंच करावी. झुडपांची मुळे व पालापाचोळा भरावात राहू देऊ नये. ते कुजले की तेथे खड्डा पडतो.

(३) मधोमध फुगवटा. वाटेचा पाठ कासवासारखा असावा. मातीच्या रस्त्यास शेकडा ४ ते ५ आडवा उतार लागतो. ३.५ मीटर रुंदीच्या वाटेचा मध्य कडेपेक्षा सुमारे ९ सेंटिमीटर उंच ठेवला की हा उतार साधतो.

(४) पाण्याच्या ठिकाणी नळ. जेथे पाणी वाट ओलांडते तेथे सिमेंटचे नळ बसवावेत. फार लहान नळ पाल्याने व गाळाने तुंबतात. ६० सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाचे नळ टाळावेत. नळावर पुरेसा मातीचा थर द्यावा, नाही तर भरलेल्या ट्रॉलीखाली ते फुटतात. रुंद ओढ्यावर नळांऐवजी दगड-काँक्रिटचा फरशी पूल अधिक टिकतो व स्वस्त पडतो.

(५) शेवटी मुरूम. मुरूम थराथराने टाकावा, पाणी मारावे व रूळ फिरवावा. पाणी किती हवे याची सोपी परीक्षा अशी : मूठभर मुरूम दाबला असता गोळा टिकला पाहिजे, पण हाताला पाणी सुटता कामा नये. तीन मीटर रुंद व एक किलोमीटर लांब वाटेवर १५ सेंटिमीटर जाडीचा दबलेला थर देण्यास सुटा मुरूम २०० ब्रासहून थोडा अधिक लागतो. मुरूम हे गौण खनिज असल्यामुळे तो उचलण्यापूर्वी तहसील कार्यालयाची परवानगी घ्यावी, आणि वाटेच्या अगदी कडेला खड्डे करून तो काढू नये.

भराव एक पावसाळा बसू द्यावा व त्यानंतरच खडीचे काम करावे. लांब वाटेवर समोरासमोर आलेल्या गाड्यांना बाजू घेता यावी म्हणून २००-३०० मीटरवर एखादी रुंद जागा ठेवावी. कडांवर गवत वाढू दिल्यास माती धुपत नाही.

अशा कामांत मातीकाम मोठे असल्याने गावातील मजुरांना रोजगारही मिळतो. रोजगार हमीच्या मजुरीला यंत्रसामग्री व साहित्याच्या निधीची जोड देण्याच्या हेतूने महाराष्ट्रात २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आखण्यात आली. योजनांच्या अटी वेळोवेळी बदलत असल्यामुळे प्रस्ताव करण्यापूर्वी पंचायत समितीत चौकशी करून चालू नियमांप्रमाणेच कागद तयार करावेत.

कोकणात आणि डोंगराळ भागात

सर्व मुलूख काळ्या मातीचा नाही. कोकणात अडचण चिखलापेक्षा वहाळांची व चढणीची असते. वाडी एका काठाला, शाळा व दुकान दुसऱ्या काठाला, आणि मध्ये पावसाळ्यात तुडुंब वाहणारा वहाळ, अशी स्थिती कितीतरी ठिकाणी आहे. तेथे मोठ्या पुलाची वाट पाहत बसण्यापेक्षा माणसांपुरता साकव बांधला तरी वाडीचे पावसाळी तुटणे थांबते. साकव बांधताना त्याची उंची जाणत्या माणसांनी पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेवरून ठरवावी व दोन्ही बाजूंस कठडे अवश्य घालावेत. उतारावर जांभा दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी हाच जुना व टिकाऊ उपाय आहे. पाखाडीच्या कडेने पाण्याचा पन्हळ काढल्यास पायऱ्या उखडत नाहीत.

रस्ता झाला, आता वाहन

वाट झाली तरी ज्याच्याकडे वाहन नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते पुणे अशी पहिली एस. टी. धावली, आणि पुढील काळात गरीब ग्रामस्थाचे मुख्य वाहन एस. टी. हेच झाले. आज ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना तीतून विनामूल्य प्रवास करता येतो, व मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे पडते. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींसाठीही मोफत प्रवासाची सोय आहे. परंतु सवलत गाडी आली तरच उपयोगी. गाडीची वेळ शाळेच्या, दवाखान्याच्या व आठवडे बाजाराच्या वेळेशी जुळत नसेल, तर ग्रामसभेने ठराव करून, त्या वेळेस किती प्रवासी असतात त्याच्या आकड्यांसह तो आगार व्यवस्थापकांकडे पाठवावा. नुसत्या मागणीपेक्षा आकड्यांसह केलेली मागणी लवकर विचारात घेतली जाते.

मालाच्या वाहतुकीत एकीचा लाभ मोठा आहे. एका शेतकऱ्याची पाच-सात पोती वडापच्या जीपमध्ये किंवा टेम्पोत सुटी सुटी गेली तर भाडे भारी पडते. तोच माल आठ-दहा शेतकऱ्यांनी एका दिवशी, एका ठिकाणी गोळा करून एकच टेम्पो ठरविला तर भाडे वाटले जाते, मापाच्या वेळी चार माणसे सोबत असतात व भाव विचारण्याचे बळ येते. बचत गट, दूध संस्था किंवा शेतकरी गट यांनी ही व्यवस्था पाहावी. पाणंद जेथे डांबरी रस्त्याला मिळते तेथे माल उतरविण्यापुरता उंच ओटा व वर पत्र्याचे छप्पर केल्यास माल भिजत नाही व टेम्पोचा खोळंबा टळतो. जिच्यावरून गाडी जाणे शक्यच नाही अशी वाटही निदान सायकल व हातगाडी जाईल इतकी सपाट केली, तरी डोक्यावरचे ओझे उतरते.

देखभाल

रस्ता केल्यानंतर त्याकडे पाठ फिरविली तर तीन-चार पावसाळ्यांत पूर्वीची स्थिती येते. प्रत्येक वाटेसाठी तिच्यावरील खातेदारांची एक लहान समिती असावी. मृगापूर्वी चाऱ्या व नळ साफ करणे, पावसाळ्यात फार ओल असताना भरलेल्या ट्रॉल्या न नेणे, आणि दिवाळीनंतर खड्डे मुरुमाने बुजविणे, एवढी तीन कामे या समितीने नेमाने केली तरी वाट वर्षानुवर्षे टिकते. जो वर्गणी देऊ शकत नाही त्याने श्रमदान करावे. परंतु ज्याने काहीच दिले नाही त्याचीही वाट अडवू नये.

शिवारातील वाट ही विहिरीप्रमाणेच सर्वांची असते. ज्याने आपल्या बांधावरून शेजाऱ्याला वाट दिली, त्याच्या घरचे माणूसही कधीतरी दुसऱ्याच्या बांधावरूनच दवाखान्यात जावयाचे असते. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक गावाने निदान एक पाणंद निवडावी, तिचा नकाशा काढावा व पावसाळ्यापूर्वी तिच्या चाऱ्या मोकळ्या कराव्यात. एवढा आरंभ झाला तरी पुढील काम आपोआप सुचत जाईल.